दोष रियाजाचा नव्हता

आवाज बसला म्हणजे रियाज चुकला, पथ्य मोडलं किंवा आरडाओरडा झाला, याखेरीज चौथं कारण मी गाणं शिकवताना कधी मानलंच नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका तरुणीचा आवाज घोगरा झाला, तेव्हा मी ज्येष्ठमध आणि खर्जाचा रियाज सांगितला. महिने गेले. तिचा षड्ज टिकेना, आवाजातून हवा सुटायला लागली, ओळीच्या मध्येच दम तुटायचा. जिना चढतानाही धाप लागते, असं ती म्हणाली. मी तेही आळसाच्या खात्यात टाकलं. सगळ्यांसमोर म्हणाले, “घरी तंबोऱ्याला हात लावत नाहीस, हे कळतं मला.” ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मी कबुली मानलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. उजवा स्वरतंतू हलत होता, डावा जागचा हलत नव्हता. घशात गाठ नव्हती, सूज नव्हती. पुढे इको झाला आणि कळलं, हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली आहे.

मला पटेना. झडपेचा आणि षड्जाचा संबंध काय? तिने वहीच्या मागच्या पानावर, डॉक्टरांनी दाखवली होती तशी, आकृती काढली. डाव्या स्वरतंतूची नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग वर स्वरयंत्राकडे जाते. झडप अरुंद झाली की मागे रक्त तुंबतं, डावी कर्णिका फुगते, फुप्फुसधमनीतला दाब वाढून तीही रुंदावते. या दाटीत ती नस महाधमनीपाशी चेपली जाते. व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी असा घोगरेपणा १८९७ मध्येच नोंदवला होता. महाधमनीला फुगवटा आला तरी हे होऊ शकतं.

मग तिने लहानपणचं सांगितलं. घसा दुखला, ताप आला, काही आठवड्यांनी सांधे सुजले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर तो येतो आणि झडपांना कायमची इजा करू शकतो. घशावर वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बहुधा टळतो. तिचं घशातलं दुखणं हृदयात उतरलं होतं आणि तिथून आवाजात परतलं होतं.

त्या आकृतीपुढे मी खूप वेळ बसले. घोगरेपणा आणि धाप, दोन्ही खुणा तिने स्वतः माझ्यापुढे ठेवल्या होत्या. श्रुतीतला बारीक फरक ओळखणाऱ्या माझ्या कानांनी तिचं साधं बोलणं ऐकलं नव्हतं. मला तिच्या आजाराचं ज्ञान नव्हतं, हे क्षम्य आहे. ज्ञान नसताना मी निकाल दिला, हे नाही.

फुग्याने झडप रुंद केल्यावर तिची धाप कमी झाली. आवाज थोडाच परतला. नस फार काळ दबली की ती पूर्ण सावरेलच असं नसतं, आणि त्या काळातले काही महिने माझ्या हट्टाचे होते. मी वर्गासमोर तिची माफी मागितली. आता कुणाचा आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते आणि धाप लागते का, ते विचारते. रियाजावर माझी श्रद्धा तशीच आहे. आवाजावरून माणसाच्या निष्ठेचा निवाडा करणं मात्र मी सोडलं आहे.