दर दिवाळीला एक हात

गेल्या वर्षी पोळा होऊन दोन आठवडे झाले असतील. मनीषनगरच्या आमच्या घराच्या गच्चीवरचा झुला एका बाजूने निखळला आणि आई पडली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. बाबांचा फोन कट केला आणि 'नंतर करतो' असा मेसेज टाकला. त्यांनी उत्तरादाखल फोटो पाठवला. बोल्ट साखळीला तसाच लटकलेला होता, आणि तो ज्या लाकडात बसवला होता, ते ओल्या भुशासारखं झालं होतं. भुशाच्या वर मात्र पॉलिश चमकत होतं. ते पॉलिश मी केलेलं.

उमरेडकडच्या गावातलं आजोबांचं घर २०२१ मध्ये विकलं. काका आणि बाबांमध्ये काय बोलणं झालं ते इथे नको. बाबांनी हट्टाने एकच गोष्ट मागितली, पुढच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या. त्या दाराला पॉलिश असं कधी नव्हतंच. दिवाळीच्या आधी आजी चिंधीने जवसाचं तेल चोपडायची, एवढंच. आमच्याकडच्या मिस्त्रींनी त्या फळ्यांचा झुला केला. रुंदी कमी पडली म्हणून दोन्ही कडांना नव्या सागाच्या पट्ट्या जोडल्या. साखळीचे बोल्ट त्या पट्ट्यांमधून गेले.

२०२३ च्या दिवाळीत मी घरी आलो, तेव्हा झुला राखेच्या रंगाचा झाला होता. मला ते बघवेना. रात्री तीन व्हिडिओ पाहिले आणि सकाळी वर्धा रोडवरच्या एका दुकानात जाऊन पॉलीयुरेथेनचा पारदर्शक कोट मागितला. दुकानदाराने विचारलं, "अंदर के लिए या बाहर के लिए?" मी म्हणालो, "लकडी के लिए." त्याने डबा दिला.

तीन हात मारले. झुला आरशासारखा झाला. मिस्त्री सहज चक्कर टाकायला आले होते. म्हणाले, "भाऊ, काच लावली तुमी लाकडाले. आता हे सांभाळा लागन." मी बाबांना सांगितलं, आता दहा वर्षं बघायचं काम नाही. बाबा म्हणाले, "बरं."

मला तेव्हा जे माहीत नव्हतं, ते आता सांगतो. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतो तो राखाडी थर. हा थर अगदी पातळ असतो. अमेरिकेत मॅडिसनला १९१० पासून फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. त्यांच्या नोंदींनुसार पाइन-देवदारासारखं मऊ लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं. साग तर त्याहून टणक. म्हणजे आमच्या झुल्याला काहीही झालेलं नव्हतं. फक्त मला तो म्हातारा दिसत होता.

पारदर्शक थरातून ऊन खिडकीच्या काचेतून यावं तसं आत येतं. थराखालचं लिग्निन तुटतं आणि थराला धरून ठेवायला खाली काही राहत नाही. त्यात आमचं नागपूर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावं लागतं. लाकूड आकसतं. जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. घरातल्या फर्निचरसाठीचा कडक थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही, तडकतो. तडीतून पाणी आत शिरतं आणि उरलेल्या चांगल्या थरामुळे लवकर वाळत नाही.

पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते कापलेल्या टोकांतून आणि भोकांतून, कारण लाकडातल्या बारीक नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. बोल्टच्या भोकात मी ब्रश घातलाच नव्हता. शिवाय नव्या पट्ट्या पांढरट होत्या, म्हणजे झाडाच्या सालीलगतच्या भागातल्या. सागाच्या गाभ्यात बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, त्या पांढऱ्या भागात ती जवळपास नसतात. आजोबांच्या फळ्या त्या दिवशीही ठणठणीत होत्या.

यातलं काही अचानक झालं नाही. जून २०२४ मध्ये बाबांनी व्हिडिओ कॉलवर झुला दाखवला होता. "पापुद्रे सुटून राहिले रे." मी म्हणालो, दिवाळीत येऊन बघतो. त्या दिवाळीत आमचं रिलीज होतं. गेलो नाही. बाबांनी परत विषय काढला नाही. आई मात्र रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथेच बसत राहिली.

ऑक्टोबरमध्ये दहा दिवस घरून काम करायची परवानगी घेतली. सकाळी बाबा आणि मी गच्चीवर. आधी पटाशीने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने माझी काच खरवडली, मग १२० नंबरचा हात. हे काम लावण्याच्या चौपट वेळ खातं. मिस्त्रींनी आरामशीनवरून गाभ्याच्या सागाच्या पट्ट्या आणल्या. भोकांच्या आत इअरबडने तेल भरलं, न गंजणारे बोल्ट आणि वायसर लावले.

या वेळी लावलं ते बाहेरच्या लाकडासाठीचं, तपकिरी रंगद्रव्य घातलेलं तेल. रंगद्रव्य ऊन अडवतं. गडद ऑइलपेंट तर सगळ्यात जास्त टिकला असता, पण दाराचा सागच दिसेनासा झाला असता. तेलाचा वर थर बसत नाही, म्हणून पापुद्रेही सुटत नाहीत. ते नुसतं झिजतं. झिजलं की धुवायचं, हलका सँडपेपर मारायचा आणि वरून पुन्हा एक हात. बाबांना आजीसारखं नुसतं जवसाचं तेल हवं होतं. पण ते वाळायला दिवसचे दिवस घेतं आणि पावसात त्यावर काळी बुरशी धरते. आजीचं दार ओसरीच्या आत होतं, झुला उघड्यावर आहे. तेलाच्या चिंध्या आम्ही कठड्यावर पसरून वाळवल्या. बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

नॉर्वेत बोर्गुंडला बाराव्या शतकाच्या अखेरीचं एक लाकडी चर्च आहे, पाइनचं. बर्फात, पावसात आठशेहून जास्त वर्षं उभं आहे. त्याला पाइनच्याच लाकडातून काढलेलं डांबर लावतात. ते झिजतं, लोक पुन्हा लावतात. मी बाबांना त्याचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे कोणीतरी तिथं राहत असंन."

तेल शिल्लक आहे की नाही ते बघायला पाणी शिंपडायचं. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर ठीक. पसरून गडद डाग पडला तर वेळ झाली. बाबा आता महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करतात आणि मला फोटो पाठवतात. या मेमध्ये पश्चिमेकडच्या कडेवर थेंब पसरला. खाली त्यांनी लिहिलं होतं, "घाई नाही." मी शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलं. पावसाच्या आधी एक हात झाला.

आई संध्याकाळी चहा घेऊन गच्चीवर येते. झुल्यावर मात्र अजून बसत नाही. शेजारी खुर्ची ओढून घेते आणि प्लास्टरमधून निघालेल्या हाताने झुल्याला हळूच झोका देत राहते.