सिरक्याचा वास येणारा घोडा

अब्बा मिरजेत एका टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि दुसऱ्याच दिवशी नातीच्या खोलीच्या दारात थबकले. "इथं फिल्म कुठं ठेवलीय?" त्यांनी विचारलं.

फिल्म कुठून येणार? खोलीत होते ते घोडे. माझी नऊ वर्षांची लेक खेळण्यातले घोडे जमवते. अमेरिकेत हा मोठा शौक आहे. शाळकरी मुलीच नव्हे, केस पिकलेल्या बायकाही जुन्या घोड्यासाठी हौसेनं पैसे मोजतात. अब्बा हुंगत हुंगत कपाटापर्यंत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला पांढरा घोडा त्यांनी बाहेर काढला. पिशवी सोडताच नाकात झोंबणारा आंबूस वास आला. घोड्याचं पोट फुगलं होतं, पाय वाकले होते, अंग चिकट लागत होतं.

"सिरका," अब्बा म्हणाले. "रीळ सडायला लागलं की डबा उघडल्यावर हाच वास येतो."

ती पिशवी मीच बांधली होती. गॅरेज सेलमध्ये मिळालेली जुनी चीज, धूळ लागू नये म्हणून.

जुने घोडे आणि जुनी फिल्म एकाच कुळातली, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही सेल्युलोज ॲसिटेटची, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासून केलेल्या प्लास्टिकची. उष्णता आणि दमट हवा लागली की त्यातून हळूहळू ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे सिरक्यातलंच आम्ल. ते बाहेर गेलं नाही तर आतल्या आत सडणं आणखी वाढवतं. बंद पिशवी सगळ्यात वाईट. "आम्ही डब्यांची झाकणं उघडून हवा द्यायचो," अब्बा म्हणाले. मी मात्र जपण्याच्या नादात त्या घोड्याचा श्वासच कोंडला होता.

खिडकीत उभी असलेली तपकिरी अरबी घोडी त्याच मालाची. ती ब्रेयरची. शिकागोच्या या कंपनीनं १९५० च्या सुमारास एका घड्याळासाठी पहिला घोडा घडवला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला आणि पुढं घोडे हाच धंदा झाला. १९८४ मध्ये कंपनी विकली गेली आणि न्यू जर्सीत आली, नंतर माल चीनमध्ये बनू लागला. आमची घोडी शिकागोच्या काळातली, जुन्या बाजारात पाच डॉलरला मिळालेली. दोन पोकळ अर्धी अंगं जोडून केलेली, जाड पायांची. कानांचा रंग उडालाय, खुरं पांढरी पडलीत. माझ्या लेकीच्या आधी कुणा मुलीनं तिला अंगणात, वाळूत, कदाचित न्हाणीतही नेलं असेल. आजही ती चार पायांवर सरळ उभी राहते. एकदा गाडीत उन्हानं तिचा पाय किंचित वाकला, तो गरम पाण्यात धरून सरळ करता आला.

जुनं ते सोनं म्हणावं, तर पिशवीतला पांढराही जुनाच होता. त्यामुळं मी ती म्हण सोडून दिली आहे.

बाकीचे घोडे हुंगायला अब्बा खाली वाकले तेव्हा पलंगाखाली मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. मी लेकीला वाढदिवसाला घेऊन दिलेला नवा घोडा. राळेचा, भरीव, मानेवरच्या शिरासुद्धा दिसाव्यात असा. किंमत सांगत नाही, नवऱ्यालाही खरी सांगितलेली नाही. "याला हात लावायचा नाही, फक्त बघायचा," असं मी बजावलं होतं. त्याचा पुढचा पाय गुडघ्यातून तुटून आतल्या तारेवर लोंबत होता.

लेक दारात उभी होती. रडत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. किती दिवस ती त्या मोज्यावर झोपत होती कोण जाणे. मी काही बोलण्याआधी अब्बा म्हणाले, "बेटा, हा दौडला ना? घोडा आहे, दौडणारच."

रात्री ते दुरुस्तीला बसले. फिल्म जोडायचं सिमेंट असतं तर, ते म्हणाले; ते ॲसिटेटला थोडं विरघळवून एकजीव करतं. पण राळेवर ते चालत नाही, म्हणून दोन ट्यूबांचा एपॉक्सी आणला. जोड सुकेपर्यंत पायाला माझ्या जुन्या ओढणीची पट्टी बांधली. बांधता बांधता त्यांनी नातीला हजरत आयेशांच्या खेळण्यातली गोष्ट सांगितली: त्यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं पैगंबरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, सुलेमानांच्या घोड्यांना नव्हते का? पैगंबर दाढा दिसेपर्यंत हसले.

"मग त्यांना तो खेळायला दिला होता?" लेकीनं माझ्याकडे बघत विचारलं.

"हो," मी म्हणाले.

जोड ओबडधोबड आहे, पट्टी तिनं अजून सोडू दिलेली नाही. पांढरा घोडा बाकीच्यांपासून दूर, गॅरेजमध्ये उघड्या खोक्यात ठेवलाय. अब्बा मिरजेहून फोन करतात तेव्हा आधी त्याच्या वासाची चौकशी होते.