चावायचं नाही, भुंकायचं

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात विनफिल्ड नावाचं छोटं गाव आहे. १९९५ पासून तिथे दर वसंतात एक स्पर्धा भरते. कुंपणाच्या आत एक रानडुक्कर सोडायचं आणि त्याच्यासमोर दोन कुत्री. कुत्र्यांनी डुकराच्या तोंडापुढे उभं राहायचं, नजर हटवायची नाही आणि भुंकत राहायचं. तोंड घातलं की गुण गेले. तीन वेळा राज्याचे गव्हर्नर झालेले अर्ल लाँग याच गावचे आणि डुकराच्या शिकारीचे मोठे शौकीन. म्हणून स्पर्धेचं नाव ‘अंकल अर्ल्स हॉग डॉग ट्रायल्स’. लुइझियानाने २००४ मध्ये डुक्कर-कुत्र्यांच्या झुंजींवर बंदी आणली, तेव्हा या स्पर्धेला कायद्यातच नाव घेऊन सूट दिली. प्राणीप्रेमींना हा निव्वळ वशिला वाटला तर त्यांना दोष देता येत नाही. पण चावा आवरणारं कुत्रं ही काही स्पर्धेपुरती काढलेली टूम नाही. शिकाऱ्याचं सगळं कसब तिथूनच सुरू होतं.

डुक्कर मुळात अमेरिकेचं नव्हेच. १५३९ साली हर्नांडो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर तेरा डुकरं होती. तीन वर्षांनी तो वारला तोवर त्यांची सुमारे सातशे झाली होती. पुढे दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांनी डुकरं पाइनच्या जंगलात मोकाटच सोडली. कान विशिष्ट पद्धतीने कापून खूण करायची, ती कचेरीत नोंदवायची आणि हंगामात कुत्री घेऊन आपला माल गोळा करायचा. फ्रेड गिप्सनच्या १९५६ च्या ‘ओल्ड येलर’ या कादंबरीत पोरगा आणि कुत्रा दोघंही जबर जखमी होतात ते असल्याच कामात. अशा कुत्र्याने डुक्कर फाडलं तर नुकसान कोणाचं? मालकाचंच. त्यामुळे वळवणारं, घेरणारं, अडवून धरणारं कुत्रं निवडून निवडून जोपासलं गेलं. मोकाट चराई कायद्याने बंद झाली, डुकरं रानटी झाली, १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात शिकारीसाठी आणलेले युरोपी रानडुक्कर निसटून त्यांच्यात मिसळले. कुत्र्याची विद्या मात्र तीच राहिली.

शिकारी या कुत्र्याला ‘बे डॉग’ म्हणतात. लुइझियानाचं ठिपक्याठिपक्यांचं कॅटाहूला, काळ्या तोंडाचं ‘ब्लॅक माउथ कर’ ही त्यातली नावाजलेली. कर जातीची बहुतेक कुत्री मागावर असताना आवाज करत नाहीत. हाउंड जातीची माग लागल्यापासून गळा काढतात. ऐकायला झकास, पण डुकरालाही ते ऐकू येतं आणि ते पुढचा ओढा ओलांडून पसार होतं. मुकाट जाणारं कुत्रं थेट डुकरासमोर उभं ठाकतं आणि मग पहिला भुंकार देतं.

इथून पुढे काम शिकाऱ्याच्या कानांचं. रात्रीची वेळ, काट्याकुट्यांची दाट झाडी, अर्ध्या मैलावर कुत्री. एका जागेवरून, एका लयीत, तुटक तुटक भुंकणं येतंय म्हणजे डुक्कर थांबलंय. आवाज सरकू लागला म्हणजे ते घेर तोडून निघालंय. एकदम शांतता आणि मग केकाटणं, तर सुळा लागला. दोनच कुत्र्यांनी अडवलेलं डुक्कर पुष्कळदा उभं राहतं, कारण त्याला या दोघांना आपण पुरून उरू असं वाटतं. सात-आठ कुत्री अंगावर गेली तर तेच डुक्कर जीव घेऊन पळतं. म्हणून ट्रकभर कुत्री मिरवणाऱ्याकडे जाणती माणसं जरा हसूनच बघतात. आताशा प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. कोण कुठे धावतंय, कोण थबकलंय, हे हातातल्या पडद्यावर दिसतं. हरवलेली कुत्री सापडतात, हा फायदा निर्विवाद. पण डुक्कर थांबलंय की थकलेलं कुत्रं ओढ्यात बसलंय, हे पडद्यापेक्षा कान लवकर सांगतो.

शेवटाला मात्र चावणाराच लागतो. तो ‘कॅच डॉग’: बहुधा अमेरिकन बुलडॉग किंवा पिटबुल, तोवर दोरीला बांधून शिकाऱ्याबरोबर चालत आणलेला. डुक्कर टप्प्यात आलं की त्याला सोडायचं. तो सरळ कान धरतो आणि सोडत नाही. त्याच क्षणी शिकारी मागून जाऊन डुकराचे मागचे पाय उचलतो, त्याला आडवं पाडतो आणि पुढच्या पायामागे सुरी चालवतो किंवा पाय बांधून जिवंत नेतो. कुत्री अंगाला भिडलेली असताना गोळी कुठे झाडणार? सुरीचं काम नीट झालं तर लवकर आटपतं. घाबरट किंवा नवख्या हाताने केलं तर ते बघवत नाही, आणि या शिकारीवर होणाऱ्या टीकेतला खरा भाग तोच आहे.

नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. खालचे सुळे वरच्यांवर घासून सतत धार लावलेले. म्हणून कॅच डॉगच्या अंगात केव्हलारचं किंवा जाड नायलॉनचं जाकीट आणि गळ्याभोवती रुंद पट्टा. तरी जखमा होतातच. शिकाऱ्याच्या पिशवीत कातडी शिवायचा स्टेपलर असतो. पण दक्षिणेच्या उन्हाळ्यात सुळ्याइतकीच भीती उष्म्याची. आखूड नाकाचा बुलडॉग, वर जाकीट, हवेत दमटपणा. दम लागून कुत्रं मरतं. म्हणून उन्हाळ्यात शिकार रात्रीचीच. आणखी एक वैरी डोळ्यांना दिसत नाही: स्यूडोरेबीज. डुकरं हा विषाणू अंगात वागवत खुशाल जगतात. कुत्र्याला लागला की खाजेने वेडं होऊन ते बहुधा दोन-तीन दिवसांत मरतं. त्यावर उपचार नाही. कुत्र्यांना डुकराचं कच्चं मांस घालायचं नाही, हा नियम तिथून आला. सोलताना माणसाने रबरी हातमोजे घालायचे ते ब्रुसेलोसिसच्या भीतीने.

कोकणात भात आणि विदर्भात भुईमूग उकरणारं रानडुक्कर याच जातीचं. पण ते इथलंच रहिवासी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारं. त्याच्यावर कुत्री घालणं हा गुन्हा. याउलट टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानाही लागत नाही.

एवढी मोकळीक देऊन डुकरं कमी झाली का? नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेच्या हिशेबाने संख्या नुसती आहे तिथे ठेवायची तरी दर वर्षी सुमारे दोन-तृतीयांश डुकरं काढावी लागतात. कुत्र्यांनी एका रात्रीत एखाद-दुसरं निघतं. टेनेसीचा अनुभव तर उलटाच आहे. १९९९ मध्ये तिथे राज्यभर शिकार खुली केली, तेव्हा पंचाण्णवपैकी पंधराएक काउंट्यांत डुकरं होती. पुढच्या बारा वर्षांत ती कितीतरी ठिकाणी पसरली, कारण हौशी शिकाऱ्यांनीच ती ट्रकमधून नेऊन नव्या रानांत सोडली. २०११ मध्ये राज्याने धोरण फिरवलं. मिझुरीच्या संवर्धन खात्याने २०१६ पासून आपल्या जमिनींवर डुकराची शिकारच बंद केली. कुत्र्यांनी कळप उधळला की तो पिंजऱ्यात येत नाही, असं त्या खात्याचं म्हणणं.

शिकाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण त्यांच्यातले समजूतदार लोक शेतकऱ्याला आधी मोठा पिंजरा लावायला सांगतात. महिनाभर मका टाकून अख्खा कळप आत घेतला तरी एखादी जुनी, पोळलेली डुकरीण दाराशी येऊन हुंगते आणि माघारी फिरते. तिला कितीही मका टाका, ती आत पाऊल घालत नाही. तिच्यासाठी मग फोन येतो, आणि शिकारी दोन जाणती कुत्री आणि एक बुलडॉग घेऊन निघतो. पोरसवदा कुत्री त्या दिवशी घरीच राहतात.