तीन दलं, तीन मुख्यालयं आणि एक उघड वाद

डोंबिवलीकरांना 'मिलिटरी' हा एकच शब्द पुरतो. ठाण्यात कोलशेतकडे हवाई दलाचं स्टेशन आहे, कल्याणात दुर्गाडीजवळ नौदलाची निवृत्त टी-80 उभी आहे. आमच्या लेखी दोन्ही मिलिटरीच.

म्हणून जुलै 2021ची ती बातमी मला चक्रावून गेली. संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल बिपिन रावत एका जाहीर कार्यक्रमात म्हणाले, हवाई दल हे तोफखान्यासारखं सहाय्यक दल आहे. त्याच दिवशी हवाई दलप्रमुख भदौरियांनी उत्तर दिलं, आमची भूमिका फक्त सहाय्याची नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर एकच होता : घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला?

मला मात्र कारगिल आठवलं. मे 1999मध्ये लष्कराला हल्ल्यासाठी हेलिकॉप्टर्स हवी होती. हवाई दलप्रमुख अनिल टिपणीस यांचं म्हणणं, त्या उंचीवर ती सहज टिपली जातील, आणि हवाई दल वापरायचं तर सरकारची परवानगी हवी. परवानगी 25 मेला मिळाली, दुसऱ्या दिवशी हल्ले सुरू झाले. 28 मेला एमआय-17 पाडलं गेलं, आतले चौघंही गेले. त्यानंतर हेलिकॉप्टर्सना या कामातून बाजूला काढलं. काही वर्षांनी टिपणीस आणि तेव्हाचे लष्करप्रमुख मलिक यांनी आपापली बाजू छापून मांडली. तोवर लढाई संपून गेली होती.

आजचा वाद थिएटर कमांडचा आहे. एका आघाडीवरची तिन्ही दलं एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली द्यायची, अशी ही कल्पना. गरज समजायला नकाशा पुरेसा आहे. लष्कराची पूर्व कमांड कोलकात्यात, हवाई दलाची शिलाँगला, नौदलाची विशाखापट्टणमला. अशा तिन्ही दलांच्या मिळून 17 कमांड आहेत.

पण हवाई दलाची अडचणही खरी आहे. मंजूर लढाऊ स्क्वॉड्रन 42. सप्टेंबर 2025मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29. हे आपल्याला चटकन कळेल. लोकल आधीच कमी असतील आणि त्या कसारा नि कर्जत अशा कायमच्या वाटून टाकल्या, तर एकीकडे खोळंबा झाला तरी दुसरीकडची गाडी वळवता येणार नाही. विमानांची वाटणी झाली तर हेच होईल, ही त्यांची भीती.

ऑगस्ट 2025मध्ये महूच्या परिषदेत हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह उघडपणे म्हणाले, घाई नको. नौदलप्रमुख त्रिपाठींनी एकत्रीकरणाच्या बाजूने कौल दिला. जनरल अनिल चौहान यांनी मतभेद असल्याचं मान्य केलं आणि देशहित पाहून ते सोडवू असं सांगितलं.

मला यात बेशिस्त दिसत नाही. युद्धाच्या योजना गुप्त राहायलाच हव्यात. पण हुकूम कोणाचा चालणार आणि विमानं कोणाकडे राहणार, हे आपल्या पैशांचं आणि त्यांच्या जिवाचं गणित आहे. पत्रकारांनी ते विचारावं, प्रमुखांनी उत्तर द्यावं, आणि सरकारने एकदाचा निर्णय घ्यावा. निर्णयानंतर मात्र वाद थांबला पाहिजे. शांततेतला वाद ऐकायला अवघड वाटतो, पण तोच वाद ऐन लढाईत होण्यापेक्षा तो बरा.