पेन्शनचा पैसा आजच बाजूला पडावा

गणपतीपुळ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलो, म्हणून जुनी पेन्शन नाही. पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. माझ्या आधी लागलेले गुरुजी मात्र शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता घेतात. काम तेच असून म्हातारपण वेगळं, हे मला अन्यायाचं वाटतं.

14 मार्च 2023 ला जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, तेव्हा रत्नागिरीच्या मोर्चात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा मी मनापासून दिली. आरे-वारेमार्गे घरी परतलो, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “गुरुजी, एवढे पैसे सरकार आणणार खंयसून?” काकूंनी जन्मभर किनाऱ्यावर कोकम सरबत आणि आंबापोळी विकली. श्रावणबाळ योजनेतून त्यांना तेव्हा महिना हजार रुपये मिळत; पुढे दीड हजार झाले. त्यासाठीही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

त्या प्रश्नाने मला विचार करायला लावलं. जुन्या पेन्शनसाठी वेगळी शिल्लक कुठेच नसते. ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते. काकू साबण घेतात, त्यावरचा करही त्यात असतो. उद्या हा भार उचलायचा आहे आज माझ्यासमोर बसलेल्या मुलांनी, आणि आमच्या शाळेचा पट तर दरवर्षी घटतोय. तरुण घरं मुंबईला जातायत.

म्हणून माझं मत ठाम झालं आहे. निम्म्या पगाराची हमी हवीच. बाजार पडला म्हणून शिक्षकाचं म्हातारपण पडू नये. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने सुधारित पेन्शन योजनेत ती हमी मान्य केली, हे मोठं यश आहे. पण हमीचा पैसा नोकरी चालू असतानाच, महिन्याच्या महिन्याला, शिक्षक आणि सरकार अशा दोघांच्या वाट्यातून निधीत पडला पाहिजे. निधी किती कमी पडेल, तो आकडा दरवर्षी अर्थसंकल्पात उघड मांडावा आणि तिथेच भरून काढावा. त्याच अर्थसंकल्पात काकूंच्या दीड हजारांनाही महागाईची जोड मिळावी. पुढच्या मोर्चात मी या दोन्ही मागण्या घेऊन उभा राहणार आहे.