अक्षरांचे बेणे

संगणक आणि महाजाल यांविषयी हल्ली ज्याच्या त्याच्या मुखी एक ठाम मत असते. कोणी म्हणतो, मुले बिघडली. कोणी म्हणतो, शहाणी झाली. दोन्ही पक्षांचे लोक आम्हांस पालकसभेत दरवर्षी भेटतात व दोघांचेही आम्ही सारख्याच शांतपणे ऐकून घेतो. परंतु यंत्र चांगले की वाईट, यापेक्षा ते कोणाच्या स्वाधीन आहे, हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटू लागला आहे, आणि त्यास कारण हेच वार्षिक.

गेल्या पावसाळ्यात मांडवगण फराटा येथील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी होता. तो आता या जगात नाही. नववीत असताना त्याने भीमा नदीवर लिहिलेला निबंध या वार्षिकात छापला होता. "गुरुजी, घरातला अंक वाळवीनं खाल्ला. पोराचं तेवढं लिहिलेलं काढून द्या," एवढेच ते म्हणाले. शाळेची छापील प्रतही सापडेना. संगणकात मात्र अंक होता. उघडून पाहतो, तो पडद्यावर रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची नुसती खिचडी!

याचे कारण असे की, त्या काळी मराठी टंक विकणारे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरी आकृत्या बसवीत. एकाच्या टंकात जेथे 'क', तेथे दुसऱ्याच्या टंकात भलतेच काही. आमचा विकत घेतलेला टंक तर नव्या यंत्रावर चालेचना. शब्द मुलाचे, भाषा सर्वांची, कुलूप तेवढे परक्याचे. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत 'क'चा क्रमांक २३२५ आहे. तो मांडवगणात तोच आणि मेलबर्नमध्येही तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला तेथे जागा मिळाली होती. आपण ती घेण्यास फारच आळस केला.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली. मुक्त म्हणजे फुकट, असे पुष्कळांस वाटते, तसे नव्हे. आमच्या भागातील वाचकांस हे उसाच्या बेण्यावरून चटकन कळेल. को ८६०३२ चे बेणे शेजाऱ्याकडून आणताना पैसे मोजावे लागतात. परंतु एकदा आपल्या सरीत लावले की ते वाढवावे, पुढच्या वर्षी तिसऱ्यास द्यावे, त्यास कोणाची आडकाठी नसते. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स याच रीतीने वाढले, आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या मुळाशी आज तेच आहे. मुलांच्या हातून तो काढून घेणाऱ्या पालकांस हे ठाऊक नसावे!

मिशनच्या शाळेत हा विषय काही परका नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरी छापले गेले (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या शेजारचे नव्हे). मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लहानपणी कामास लागलेल्या जावजी दादाजींनी तेथे शिकलेल्या विद्येवर पुढे निर्णयसागर उभारला. विद्या अशी हातोहात गेली म्हणूनच मराठी खिळे सुबक झाले.

असो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने महाजालावर शोध केला, तेव्हा जुन्या टंकाचे युनिकोडात रूपांतर करणारी एक आज्ञावली सापडली. कोणा अपरिचित मराठी माणसाने ती लिहून तिचा गाभा सर्वांस खुला ठेवला होता. ती दुसऱ्याच टंकाकरिता होती. परंतु गाभा खुला असल्यामुळे आमच्या मुलाने अक्षरांचे कोष्टक बदलून ती आमच्या कामी लावली. तरीही ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, रफार भलतीकडे पडले. दोन संध्याकाळी बसून आम्ही ते हाताने दुरुस्त केले. मुलाच्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र होत्या तशाच ठेविल्या. वडिलांनी दोन प्रती मागितल्या व तेथेच बाकावर बसून एक पूर्ण वाचली.

यंदाचा अंक मुंबईच्या एक टाइप मंडळींनी केलेल्या 'मुक्ता' या खुल्या टंकात जुळविला आहे. जुने नऊ अंक अद्याप खिचडीच आहेत. नववीचा वर्ग शनिवारी ते काम करीत असतो. ज्या पालकांच्या घरी छापील प्रती असतील, त्यांनी त्या पडताळून पाहण्यास आठ दिवस द्याव्या. जशाच्या तशा परत पोहोचतील.