रंगाखालचा पत्रा

डेट्रॉइटहून निघालेला वुडवर्ड रस्ता उत्तरेस पाँटिअॅक गावी पोचतो. त्या गावाचे नाव मिरवणाऱ्या मोटारवाल्यांनी १९६४ साली मध्यम अंगाच्या गाडीत आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन घालून ‘जीटीओ’ काढली, अश्वशक्ती ३२५!

याच रस्त्यालगत राहणाऱ्या माझ्या भाच्याने १९६५ची एक गंजकी जीटीओ स्वस्तात घेतली होती. “मामा, आधी लालभडक रंग देऊ!” तो म्हणाला. शेजारच्या वृद्ध कारागिराने खिशातून चुंबक काढून मागच्या चाकावरच्या भागाला लावला. चुंबक टपकन खाली! रंगाखाली पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरलेली. मग त्यांनी ब्रेक दाखवले. चारही चाकांची मदार एकाच कप्प्यातल्या तेलावर. एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले. आणि मागे बसणार होती भाच्याची पाच वर्षांची लेक!

गाठीचे थोडके डॉलर दुहेरी कप्प्याच्या ब्रेकला आणि पत्र्याला गेले. मी निघालो तेव्हा गाडी कळकटच होती; पण थांबायला शिकली होती.

घरी परतलो, तो दिवाळीच्या तोंडावर रंगारी दारात उभा. भिंतीला ओल होती. त्याला परत धाडले आणि गवंड्याला बोलावणे पाठवले.